चाळिसावी बाटली

भिलाई, सेक्टर ६
रविवार

ती. मोठेबाबा,

नमस्कार. बाबा म्हणतात, दादाला फोन करण्यात काही अर्थ नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही. कानाची मशीन लावली की शिट्टी वाजते म्हणून तुम्ही ती डबीत ठेवता, आणि फोनवर सगळ्याला ‘हो हो’ म्हणता. मागच्या वेळी मी विचारलं, तब्येत कशी आहे, तर ‘हो हो’ म्हणालात. तेव्हा पत्रच बरं. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं आहे, शाळा सगळी हिंदीत झाली. चुका दिसल्या तर लाल पेन काढू नका.

मे महिन्यात तुमसरला आम्ही आलो होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं, ‘ही पोरगी तीन वर्षांपासून कॉलेजात करून काय राहिली?’ मी म्हटलं, दोन द्रव मिसळून पाहते. तुम्ही म्हणालात, ‘ते तर चहावालाबी करते.’ सगळे हसले, मीही हसले. पण भिलाईला आल्यावर राग आला. त्या रागाचं हे पत्र.

मोठेबाबा, मी दोन द्रव वेगवेगळ्या प्रमाणात मिसळते आणि तीन गोष्टी मोजते. मिश्रण किती जड झालं, किती दाट झालं आणि त्यातून आवाज किती वेगाने जातो. रेणू काही डोळ्यांना दिसत नाहीत. ते आत एकमेकांशी प्रेमाने राहतात की तोंडं फिरवून बसतात, ते या तीन आकड्यांवरून ओळखायचं. एवढीच माझी पीएच.डी. लग्न जुळवणाऱ्या बायका याहून कमी आकड्यांवर ओळखतात असं मोठीआई म्हणेल, ते मला माहीत आहे.

आता मजा ऐका. पन्नास मिलिलिटर अल्कोहोल घेतलं, पन्नास मिलिलिटर पाणी घेतलं. एकत्र केलं. किती झालं? शंभर म्हणाल. नाही झालं. साडेशहाण्णव झालं. सांडलं नाही, उडालं नाही, कोणी प्यायलंही नाही. पाणी आणि अल्कोहोल एकमेकांना ओढून घेतात आणि दोघं मिळून कमी जागेत बसतात. मोठीआई शेवेच्या भरलेल्या डब्यात वरून डाळवं टाकून डबा ठोकते, तेव्हा ते शेवेत कसं जिरतं, थोडंफार तसंच. फक्त इथे वर माया पण असते.

सांगा, चहावाला हे करतो का?

तुमची
ऐश्वर्या

*

तुमसर
१४ ऑगस्ट २०२३

चि. ऐश्वर्या,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी कारल्याच्या वेलाला दोरी बांधत होतो. दोरी तशीच सोडून ओट्यावर बसून दोनदा वाचलं. तुझ्या मोठीआईलाही वाचून दाखवलं. डाळव्याचं ऐकून ती फार खूश झाली. म्हणाली, पोरगी काहीतरी कामाचं शिकून राहिली.

चुका आहेत, पण लाल पेन काढलं नाही. एकच सांगतो. पत्रावर तारीख नाही. नुसता ‘रविवार’ म्हणजे काय? वर्षाला बावन्न रविवार असतात. मी पोस्टाचा शिक्का पाहून पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवली. तुला माहीत आहे, भिलाईत हथखोजच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. रजिस्टरात एकाही ओळीवर मागची तारीख टाकली नाही. साहेब लोक सांगत, देवीदास, कालची टाकून दे, काय फरक पडतो. मी म्हणे, फरक पडत नाही तर आजचीच राहू द्या ना साहेब. माणसाची अब्रू तारखेत असते.

आमच्या सुजयचा पुण्याहून दर रविवारी फोन येतो. त्याच्याशीही मी ‘हो हो’ करतो. मागच्या आठवड्यात त्यात कशाला तरी हो म्हणून बसलो, आता कळलं की मी पुण्याला डॉक्टर दाखवायला तयार झालो आहे.

तुझ्या साडेशहाण्णवबद्दल एक विचारायचं होतं. सहजच. तुझं माप बरोबर होतं का? तोंड उघडं असेल तर अल्कोहोल उडून जातं, हे मलाही ठाऊक आहे. झाकण लावून पाहिलं का? आणि शुद्ध अल्कोहोल नव्हे, दवाखान्यात येतं ते साधं स्पिरीट घेतलं तर? पन्नास-पन्नास नव्हे, सत्तरला तीस, म्हणजे चौदा लिटर स्पिरीट आणि सहा लिटर पाणी, असं केलं तर? तरी कमी होतं का, आणि होत असेल तर नेमकं किती? सवडीनं कळव. घाई नाही.

पण लवकर कळव.

तुझा
मोठेबाबा

*

भिलाई
२७ ऑगस्ट २०२३ (ही घ्या तारीख!)

ती. मोठेबाबा,

पत्र लिहिलं सत्तावीसला, पोस्टात पडेल तीसला, कारण मधे मॅडमनी सेमिनार लावला आहे. तीसची तारीख टाकणार होते. मग तुमची अब्रू आठवली.

तुमचा प्रयोग केला. चौदा लिटर स्पिरीट कॉलेज मला देणार नाही, म्हणून सत्तर मिलिलिटर आणि तीस मिलिलिटर. दवाखान्याचंच स्पिरीट. घट्ट बुचाची बाटली, आधी वजन, नंतर वजन. वजन एका केसाचंही कमी झालं नाही, म्हणजे काही उडालं नाही. मिसळल्यावर बाटली हाताला कोमट लागते, म्हणून थंड होऊ दिली, मग मापलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा साडेसत्त्याण्णवच्या किंचित खाली.

म्हणजे तुमच्या वीस लिटरला किती? अर्धा लिटर आणि वर थोडंसं. तेवढं कमी भरणार, कोणीही मिसळा, कुठेही मिसळा. मिसळणारा साधू असला तरी.

तुम्हाला हेही सांगते. स्पिरीट पातळ, पाणी पातळ, पण दोघं एकत्र आले की दोघांपेक्षा दाट होतात. आणि पाण्यात थोडं अल्कोहोल घातलं की आवाज नुसत्या पाण्यातल्यापेक्षा आणि नुसत्या अल्कोहोलमधल्यापेक्षाही वेगाने पळतो. पहिल्यांदा तो आकडा आला तेव्हा मला वाटलं मशीन बिघडली. मॅडम म्हणाल्या, मशीनवर नंतर शंका घे, आधी स्वतःच्या समजुतीवर घे.

आता खरं सांगा, वीस लिटर स्पिरीटचं तुम्ही काय करणार आहात? मोठीआईला कळवू का? कारल्याच्या वेलामागे भट्टी लावायचा विचार असेल तर माझं कमिशन ठेवा.

तुमची
ऐश्वर्या

*

तुमसर
५ सप्टेंबर २०२३

चि. ऐश्वर्या,

पत्र मिळालं. त्या काळचं स्पिरीट वेगळं असेल. डबे पत्र्याचे होते, काचेचे नव्हते. तो विषय आता पुरे. तू तुझ्या अभ्यासाकडे लक्ष दे. इकडे पाऊस बरा आहे.

मोठेबाबा

*

भिलाई
२० सप्टेंबर २०२३

ती. मोठेबाबा,

तुमचं कार्ड वाचून मला वाईट वाटलं. भट्टीचा विनोद लागला का? मी गंमत केली होती. तुम्ही बिडीलाही हात लावत नाही हे काय मला माहीत नाही?

पण ‘त्या काळचं स्पिरीट’ म्हणजे कोणत्या काळचं? मी तर कोणत्याच काळाबद्दल बोलत नव्हते. दोन दिवस विचार केला आणि मग तुमची दोन्ही पत्रं बाबांना दाखवली. बाबा सेकंड शिफ्टला निघाले होते, बूट घालत होते. वाचून बराच वेळ एकच बूट घालून बसले. मग म्हणाले, ‘नत्थूभाऊचं विचार त्याले,’ आणि निघून गेले. रात्री विचारलं तर म्हणाले, ते दादाचं आहे, दादाच सांगेल.

नत्थूभाऊ कोण?

नाही सांगितलं तरी मी रागावणार नाही. पण सांगितलं तर बरं वाटेल.

तुमची
ऐश्वर्या

*

तुमसर
९ ऑक्टोबर २०२३

चि. ऐश्वर्या,

तुला उत्तर लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. हा पाचवा.

नत्थू माझ्या गावचा. शाळेत माझ्या शेजारी बसे. आम्ही एकाच पॅसेंजरनं भिलाईला आलो, दोघांत एक ट्रंक. ट्रंकेच्या डाव्या बाजूला त्याचे कपडे, उजव्या बाजूला माझे. हथखोजच्या त्या कारखान्यात दोघांनाही काम मिळालं. मी दहावी पास म्हणून स्टोअरला. तो नववी नापास, पण हात फार हलका, म्हणून कारखान्याच्या दवाखान्यात ड्रेसर झाला, मलमपट्टी करणारा. पांढरा कोट मिळाला होता त्याला. रोज स्वतः धुवून नीळ घालायचा.

दर दोन महिन्यांनी दवाखान्यासाठी स्पिरीट पातळ करावं लागे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, चौदा लिटर स्पिरीट, सहा लिटर पाणी. मी स्टोअरमधून चौदा लिटर मोजून देई. नत्थू ड्रेसिंगच्या खोलीत एकटा बसून मिसळे आणि डबा परत आणून ठेवी. डबा रात्रभर माझ्या स्टोअरमध्ये कुलपात राही. चावी माझ्याच कमरेला, तेव्हा तिथून कोणी काही नेण्याचा प्रश्न नव्हता. सकाळी नत्थू अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरी. त्या शेडांमधल्या फर्स्ट-एडच्या पेट्यांत जात. वीस लिटरच्या चाळीस बाटल्या व्हायला हव्यात. एकोणचाळीस होत, आणि त्यातली शेवटची बोटभर कमी. चाळिसावी कोरडी.

दर वेळी. एकदाही चुकलं नाही.

स्पिरीट सरकारी परमिटवर येतं. तपासणीला माणूस येई आणि विचारी, ही एक बाटली जाते कुठं? मी नत्थूला विचारलं. तो म्हणाला, ‘देवा, मी मोजून टाकतो, मोजून काढतो. मधात कमी कसं होते ते मले नाही मालूम. पन डबा कोमट होते. थंडीच्या दिवसांत हाताले समजते. त्याच्यातच कायतरी होत असन.’ ऐश्वर्या, मी हसलो. म्हटलं, काय रे, स्पिरीटला ताप येतो का? ही गोष्ट मी चार लोकांना सांगितली आणि तेही हसले.

१२ डिसेंबर १९८८ ला मी रजिस्टरात शेरा लिहिला, ‘मिश्रण करणाऱ्याकडून गळती.’ नाव लिहिलं नाही. पण मिश्रण करणारा एकच होता.

नत्थूला दवाखान्यातून काढून यार्डात टाकलं. कोट परत घेतला. तो माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता, आणि लोक त्याला ‘अद्धा’ म्हणू लागले. म्हणजे दारूची अर्धी बाटली.

तुला वाटेल मला शंका आली नसेल का? आली होती. पण नत्थूच्या जागी दुर्गहून शिकलेला कंपाउंडर आला, आणि त्याच्या हाताखाली दर वेळी चाळीस बाटल्या बरोबर भरल्या. हाच माझा पुरावा होता. पस्तीस वर्षं मी त्या पुराव्यावर निवांत झोपलो. नत्थू समोरून आला की मीच रस्ता बदलत असे, आणि मनात म्हणे, चोर तो आणि लाज मला.

तुझं पत्र आलं तेव्हापासून ती चाळिसावी बाटली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तरी कंपाउंडरचं कोडं राहतंच. त्याचं कमी कसं होत नव्हतं? याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर मला अजूनही थोडी आशा आहे. कसली आशा, तेही लिहायला लाज वाटते.

आता त्याला सांगून काय होणार? आम्ही दोघेही त्र्याहत्तरचे. हे पत्र वाचून फाडून टाक.

मोठेबाबा

*

भिलाई
१७ ऑक्टोबर २०२३

ती. मोठेबाबा,

पत्र फाडलं नाही. फाडणार नाही.

कंपाउंडरचं कोडं सोपं आहे, माफ करा. तो शिकलेला होता ना? मग त्यानं सहा लिटर पाणी मोजलंच नसणार. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: आधी स्पिरीट ओता, मग खुणेपर्यंत पाणी भरा. त्यानं वीसच्या खुणेपर्यंत पाणी ओतलं असेल. साडेसहा लिटर गेलं असेल, कोणी पाहतं? पाणी तर नळाचं. त्याची काही चूक नाही, पद्धत तीच आहे. नत्थूकाकांना सांगितलं होतं ‘चौदा आणि सहा’, म्हणून त्यांनी चौदा आणि सहाच घातलं. एक थेंब पाणी वाढवलं असतं तर ते सुटले असते. ते त्यांनी केलं नाही. सांगितलं तेवढंच केलं, आणि झालं ते दाखवलं. डबा कोमट होतो हेही त्यांनीच पाहिलं. मोठेबाबा, हे सगळं माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. नववी नापास माणसानं पत्र्याच्या डब्यावर हात ठेवून ते ओळखलं होतं.

मला तुमचा राग आला आहे. लिहूनच टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही. आणि तुमच्याबद्दल वाईटही वाटतं, कारण तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. बाटली कोरडी होती, ते खरंच होतं.

बाबांनी सांगितलं, नत्थूकाका खुर्सीपारमध्ये राहतात. कांताकाकूही आहेत. आपल्या घरापासून ऑटोने वीस मिनिटं. मी उद्या जाऊन सांगू शकते. पण मी जाणार नाही. शेरा तुमचा होता, तुम्हीच या.

तुमचीच
ऐश्वर्या

*

भिलाई
२९ नोव्हेंबर २०२३

ती. मोठेबाबा,

दिवाळी गेली, तुमचं पत्र नाही. मोठीआईनं बाबांना फोनवर सांगितलं की तुम्ही रोज बॅग काढता आणि परत कपाटावर ठेवता.

मी शनिवारी पुण्याला निघते, कॉन्फरन्स आहे, दहा-बारा दिवस सुजयदादाकडे राहीन. पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर माझे आकडे मांडणार आहे. घरी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात दोन बुचाच्या बाटल्या ठेवल्या आहेत. एकीत सत्तर मिलिलिटर स्पिरीट, दुसरीत तीस मिलिलिटर पाणी, दोन्ही मोजून. सोबत शंभरच्या खुणांचं काचेचं उंच मेजरिंग सिलिंडर आहे, फुटलं तर कॉलेजात माझ्या नावावर आहे.

खणाला कुलूप नाही.

ऐश्वर्या

*

भिलाई, तुझ्या टेबलावरून
रविवार

चि. ऐश्वर्या,

शुक्रवारी आलो. पॉवर हाऊस स्टेशनला उतरलो, शालिक घ्यायला आला होता. त्यानं काही विचारलं नाही. तुझा बाप चांगला आहे.

काल सकाळी कानाची मशीन लावली, शिट्टीसकट, आणि एकटाच खुर्सीपारला गेलो. तुझं सामान टॉवेलात गुंडाळून पिशवीत. गल्लीत शिरलो आणि नत्थूचं घर विचारलं. कोणाला माहीत नाही. तिघांना विचारलं. शेवटी नळावरची एक बाई म्हणाली, ‘अद्धाकाकाचं विचारून राहिले का?’

ऐश्वर्या, मला ‘हो’ म्हणावं लागलं. ती बाई वाईट नव्हती, प्रेमानं म्हणाली. गल्लीतले सगळे त्याला प्रेमानंच म्हणतात. का म्हणतात, ते कोणालाच माहीत नाही.

कांतावहिनी दारात मेथी निवडत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. उठल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. आत पाहून ओरडल्या, ‘अजी, तुमचा स्टोरवाला आला.’

नत्थू बाहेर आला. वाळला आहे, पण शर्ट तसाच पांढरा, नीळ घातलेला. मी येताना जे जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. पिशवीतून सिलिंडर काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, ‘नत्थू, सत्तर आणि तीस. तूच टाक.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे. बुचं काढली, आधी स्पिरीट ओतलं, मग पाणी. एक थेंब सांडला नाही. तळहातानं तोंड दाबून दोनदा उलटंपालटं केलं आणि सिलिंडर दोन्ही हातांत धरून राहिला.

‘कोमट हाय,’ तो म्हणाला.

मी म्हटलं, थांब, थंड होऊ दे, माझी पुतणी थंड करून मापते. आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो, मधे ते सिलिंडर. पंधरा मिनिटं. मेथी निवडून झाली तरी वहिनी तिथेच बसल्या होत्या. मग नत्थूनं डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिलं. चष्मा मागवून पुन्हा पाहिलं.

‘साडेसत्त्यान्नव. तेबी नाही पुरे.’

मग मी बोललो. पाणी आणि स्पिरीट एकमेकांना ओढून घेतात, जागा कमी लागते, वजन तेवढंच राहतं, कोणीही मिसळलं तरी असंच होतं, कंपाउंडर खुणेपर्यंत पाणी भरत होता. आणि मग म्हटलं, ‘तू काही नेलं नव्हतं. मी चुकीचं लिहिलं. तुझा कोट माझ्यामुळं गेला.’ मला वाटलं मी हळू बोलतो आहे. पण मी मान वर केली तर नळावरच्या बाया, समोरचा पंक्चरवाला, सगळे उभे होते. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, पार रोडवर ऐकू गेलं तुमचं.’ आणि पहिल्यांदा हसल्या. गेलं तर गेलं. शेराही चारचौघांतच वाचला गेला होता.

नत्थू मात्र हसला नाही. सिलिंडरकडे पाहत काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मशीन शिट्टी वाजवत होती. मी कानाला हात लावला. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं विचारलं,

‘मंग तूबी नव्हता घेत?’

मी म्हटलं, ‘काय नव्हतो घेत?’

‘स्पिरीट! डबा रातभर तुह्या कुलपात राहे. चावी तुह्या कमरेले. मी मोजून ठेवो, सकाळी कमी राहे. मंग दुसरं कोन? मले पस्तीस वर्सं वाटून राहिलं का तूच घेत होता, अन् नाव माह्यावर टाकलं.’

ऐश्वर्या, मी त्याला विचारलं, ‘मग तू बोलला कावून नाही? साहेबासमोर उभं केलं होतं तुला, एक शब्द बोलला असता!’

तो म्हणाला, ‘तुह्या घरी सुजय दोन महिन्यांचा होता. वहिनी बाळंतीन. तुही नोकरी गेली असती तं खाल्लं काय असतं तुम्ही?’

कांतावहिनी आतून पाणी घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, ‘मलेबी नाही सांगितलं यायनं. आज ऐकून राहिले मी.’

मी त्याच्यावर संशय घेतला तो रजिस्टरात लिहिला. त्यानं माझ्यावर घेतला तो बायकोलाही सांगितला नाही. हे तुला लिहिताना मला रडू येतं आहे आणि बरंही वाटतं आहे. दोन्ही एकदम कसं होतं, ते तुझ्या मॅडमना विचार.

नंतर काय झालं सांगतो. जेवण झालं. मेथीची भाजी आणि भाकर. त्या पंक्चरवाल्यानं येऊन पुन्हा सगळा प्रयोग विचारला, नत्थूनंच समजावून सांगितला, माझ्यापेक्षा चांगला. रेणूंची माया वगैरे मी सांगायचं विसरलो होतो, ते त्यानं स्वतःच्या मनानं लावलं. रेणू म्हणाला नाही, ‘दोघं’ म्हणाला. मंगळवारी मी पुन्हा जाणार आहे, आम्ही दोघं नंदिनी नगरला कारखान्यातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडे जाऊन येणार आहोत. तुझ्या मोठीआईला पत्र टाकलं आहे की इतक्यात येत नाही. सिलिंडर फुटलं नाही, पण ते नत्थूकडे आहे. तुझ्या नावावरचं तू पाहून घे.

निघताना त्यानं आतून वही आणली, नातीची असावी, आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाला, ‘लिहून दे. तुह्या स्टोरच्या अक्षरात.’

मी लिहिलं: ‘नत्थूने मोजून मिसळले. मोजून काढले. गळती नाही. कमी दिसते ते आतच आहे.’ खाली तारीख घालू लागलो, तर त्यानं माझं मनगट धरलं.

‘आजची नोको,’ म्हणाला. ‘तवाची टाक.’

मी १२ डिसेंबर १९८८ अशी तारीख टाकली आणि सही केली.

तुझा
मोठेबाबा